खप

तिमाही सरली की शिकागोहून फोन येतो,
धंद्याच्या मासिकातून.
दर वेळी नवा मुलगा, सर्दी मात्र तीच:
"व्हर्ना हॅल्वर्सन? डलूथचं दुकान?
या खेपेला जास्त खप कुणाचा?"

मी खुर्चीवरून उठत नाही.
इथूनच दिसतं.
डावीकडे ब्रॅकनहॉलचे ग्रंथ, उशीएवढे जाड,
मुखपृष्ठावर ड्रॅगन, यंदा लाल.
गेल्या वर्षी हिरवा होता. आतले नियम तेच.
उजवीकडे टॉलो प्रेस, करड्या बांधणीची,
एक कंदील, एक विहीर
आणि किंमत दोन डॉलरनं कमी.
धूळ कुठे पातळ आहे ते बघते
आणि आकडा सांगून टाकते.

माझ्यासारखी अजून चाळीस दुकानं.
आमच्या धुळीची बेरीज करून
मासिक ठरवतं, पहिला कोण.
मग मिनियापोलिसला एक जण शॅम्पेन उघडतो
आणि मॅडिसनला दुसरा
आपल्या चित्रकाराला घरी बसवतो.

दोघांनाही मी ओळखते.
एक्याऐंशीचा हिवाळा, सरोवर गोठलेलं,
धान्याच्या बोटी धक्क्याला जखडलेल्या.
मागच्या खोलीत, बॉयलरला पाठ लावून
डेल ब्रेक्के आणि रूडी टॉमचॅक
एकाच पिशवीतले फासे टाकायचे.
नियम हातानं लिहिलेले,
रूडीच्या बापानं गोदामातून आणलेल्या
गव्हाच्या पावत्यांच्या पाठीवर.

डेल खेळवत होता.
रूडीचा जादूगार अकरा महिन्यांचा,
त्याला आजोबांचं नाव दिलेलं, काझिमेझ.
तुटक्या पुलावरून त्यानं उडी घ्यायची होती.
वीस बाजूंचा फासा.
दान पडलं एक.

"खपला," डेल म्हणाला.

फासा पावत्यांच्या गठ्ठ्याला अडला होता,
तिरका, धड एकही नाही नि धड सतराही नाही.
मी पाहिलं होतं.
मी कॉफी ओतत होते.
मी ओतत राहिले.
रूडीनं कोटाची बटणं लावली, खालून वर,
आणि बर्फ वितळेपर्यंत
एका टेबलाच्या दोन कंपन्या झाल्या.

तेव्हापासून दोघंही एकच क्रियापद मोजताहेत.
टॉलोचा विहिरीचा खंड: साडेचार हजार खपला.
ब्रॅकनहॉलचा राक्षसकोश: सहा हजार खपला.
दोघांची माणसं रात्र रात्र खपतात, टंक जुळवत,
आणि कुणी विचारत नाही,
काझिमेझ कुठल्या रकान्यात.

विक्रेते येतात, चुकून एकाच दिवशी.
एक फुकट फाशांची पेटी ठेवतो,
दुसरा धुरावलेला मासा, वर्तमानपत्रात गुंडाळून.
दोघंही हळूच विचारतात, "आकडा काय सांगणार?"
मासा चांगला असतो, हे कबूल करायला हवं.

आणि गुरुवारची मंडळी?
रात्रपाळीची नर्स, लोहखनिजाच्या गोदीवरचे दोघे,
एक पाद्रीण, तिचा अबोल भाचा.
राक्षस ब्रॅकनहॉलचे, मंत्र टॉलोचे,
मृत्यूचे नियम त्यांचे त्यांनीच केलेले.
नऊ वर्षांत एकही पुस्तक घेतलं नाही.
पेन्सिली घेतात. सोडा घेतात.
रात्री दीडला दिवे मालवते, तरी उठत नाहीत,
भाचा अंधारातच सांगत असतो
दार उघडल्यावर काय दिसलं ते.
यांचा खप मी कुठे मांडू?

काल पुन्हा फोन.
मी म्हटलं, "दोघांचा सारखा."
"तसं चालत नाही, बाई. कुणीतरी वर लागतो."
बरं.
खणातून फासा काढला.
सम आला तर डेल, विषम आला तर रूडी.
टाकला.
घरंगळत गेला आणि जमाखर्चाच्या वहीला
टेकून राहिला, तिरका.

पलीकडे मुलगा नाक ओढत थांबलेला.
किटलीत कॉफी होती. मी हात लावला नाही.
"थांब," मी म्हटलं, "पुन्हा टाकते."
"काय टाकता?" त्यानं विचारलं.